आत्याच्या नावाची भांडी

महाडच्या पेठेत घेतलेला तांब्याचा हंडा पोलादपूरला न्यायचा असेल, तर तो बैलगाडीत टाकायचा आणि निघायचं. वाटेत कुणी हटकत नसे. माझ्या चुलतबहिणीला पोलादपुरात दिली, तेव्हा तिची भांडी गाडीत वरच मांडून उन्हात चकाकत नेली होती आणि रस्त्यातल्या बायका हातातलं काम सोडून बघत राहिल्या होत्या. तोच हंडा आमच्या शिवथरच्या खोऱ्यातून घाट चढून वर न्यायचा म्हटलं की गोष्ट वेगळी. खाली इंग्रजांची हद्द, वर संस्थानची. घाटमाथ्यावर संस्थानचा जकात नाका होता. एक कौलारू खोली, पुढं आडवा बांबू, आत एक कारकून आणि एक शिपाई. नव्या तांब्यापितळेला तिथं वजनावर जकात पडे आणि वापरातल्या घरगुती भांड्याला माफी असे. खाडीकडं आणखी एक संस्थान होतं. तिथं म्हणे भांड्यांना कुणी विचारत नसे, पण सुपारी मोजून घेत. एका पावसात भिजणारे तीन मुलूख आणि तिघांचे तीन कायदे. ते तिन्ही मला पाठ होते आणि त्याची मला घमेंड होती.

मी शेतकरी. भाताची जमीन बरी होती. दिवाळी झाली की बैलांवर तांदूळ घालून वर न्यायचा आणि येताना गूळ-कांदे आणायचे, हा माझा जोडधंदा. त्यामुळं नाक्याचा परवाना, नाक्याची पावती, नाक्यावरच्या कारकुनाची लहर हे सगळं मला माझ्या बैलांच्या खोडींइतकं माहीत होतं. कुठलाही कागद मी फेकत नसे. कमरेला कापडी बटवा असायचा आणि त्यात दहा-दहा वर्षांच्या चिठ्ठ्या घडी घालून ठेवलेल्या असायच्या. गावातले लोक मला वकील म्हणायचे. चेष्टेनं म्हणायचे हे मला कळत होतं, तरी ऐकायला गोड वाटायचं.

आईबाप लवकर गेले. मागं मी आणि माझ्याहून नऊ वर्षांनी लहान बहीण. तिला वाढवलं आमच्या आत्यानं. आत्या लग्नानंतर वर्षभरात विधवा होऊन माहेरी आली ती कायमचीच. तिनं बहिणीला न्हाऊमाखू घातलं, भाकरी थापायला शिकवलं आणि बहीण चौदाची झाली तेव्हा आत्या एका पावसाळ्यात तापानं गेली. आत्याच्या नावावर नवऱ्याकडचा जमिनीचा एक तुकडा होता. तो सोडवायला मी आमच्या गावच्या पाटलाकडून तिच्या मृत्यूच्या नोंदीचा उतारा काढून घेतला होता. तोही बटव्यातच होता.

दोन वर्षांनी बहिणीचं जमलं. स्थळ घाटावरचं, संस्थानच्या हद्दीतलं. सासरा गावचा पाटील. खाऊनपिऊन सुखी घर. तांदळाच्या धंद्यानं ओळख झालेली, आणि नाक्याच्या वाटेवर आपला एक पाटील व्याही असला तर बरं, हा हिशेबही मी मनात केला होता. लग्न त्यांच्याकडं व्हायचं ठरलं. आमच्याकडून पाच भांडी द्यायची होती : हंडा, कळशी, घंगाळ, परात आणि पाणी प्यायचा तांब्या. सगळी तांब्याची.

मी ती महाडच्या पेठेतून घेतली. नीट पारखून घेतली, जड बघून घेतली. भांडी चांगली होती, हे मला आजही म्हणायचं आहे. तांबटानं वजनाची पावती लिहून दिली, ती बटव्यात गेली. आता प्रश्न जकातीचा. होणारी रक्कम तीन-साडेतीन रुपये. माझ्या एका खेपेच्या नफ्यातून निघाली असती. पण जकात भरणं म्हणजे मूर्खपणा, असं माझं मत होतं. खाली भरावी लागत नाही ती वर का भरायची?

आमच्या खोऱ्यातून वर मुली द्यायची चाल जुनीच. त्यामुळं या जकातीवरची युक्तीही जुनीच. नवी भांडी आठ दिवस चुलीवर काळी करायची, राखेनं अर्धवट घासायची आणि वापरातली म्हणून न्यायची. सासरी पोचलं की चिंच लावली की झालं, भांडं पुन्हा लखलखीत. कित्येक वर्षं हे चाललं. मग नाक्यावर एक नवा कारकून आला. तो भांडं मांडीवर घेऊन नखानं काजळी खरवडायचा. खाली कोरं तांबं दिसलं की दुप्पट घ्यायचा. त्यावर लोकांनी दुसरी तोड काढली. आमच्याकडं लग्नाच्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव घालायची रीत आहे. तर भांड्यावर आजीचं नाव आणि मागलं साल घालून घ्यायचं. आजीची भांडी नातीला दिली, यात कुणी काय म्हणणार? पण कारकून त्यालाही सरावला. म्हणू लागला, सगळ्या खोऱ्यातल्या आज्या याच वर्षी कशा भांडी वाटायला लागल्या, पुरावा आणा.

माझ्याकडं पुरावा होता. आत्याच्या मृत्यूचा उतारा. सही-शिक्क्यासकट. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या बाईच्या नावाची भांडी यंदाची कशी असतील? हे सुचलं तेव्हा मी एकटाच हसलो होतो.

तांबटाकडं भांडी परत नेली. म्हटलं, यावर नाव घाला, आणि साल दहा वर्षांपूर्वीचं. त्यानं नाव ऐकलं आणि हातोडी खाली ठेवली.

“ही बाई कोण तुमची?”

“आत्या.”

“हयात आहे?”

“नाय. दोन वर्सं झाली.”

“सवाष्ण गेली?”

मी भांडी त्याच्या पुढं सरकवली. तो म्हणाला, “भाऊ, मी तांबट आहे, भटजी नाही. पण पोरीच्या लग्नाच्या भांड्यावर हे नाव घालू नका. तीन रुपयांनी तुम्ही गरीब होत नाही.”

मी त्याला सांगितलं की नाव घालायचे पैसे मी देतो, अक्कल फुकट नको. त्यानं नाव घातलं. एकेक अक्षर ठोकताना मान वर केली नाही.

घरी आणल्यावर बहिणीनं हंड्यावरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं. “काय लिवलंय?” मी सांगितलं. ती आधी खूश झाली. आत्याचं नाव म्हणून तिला बरं वाटलं. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं.

“दादा, आत्या रांडमुंड व्हती रे.”

“नाक्यापुरतं हाय गो बाय. तिकडं कोण वाचतंय?”

“मग एक तांब्या तरी माज्या नावाचा कर. येवढा एक.”

मी नाही म्हणालो. एका तांब्यावर नवं नाव दिसलं तर बाकीच्या चारांवर संशय येणार. मी तिला हे समजावून सांगितलं, आणि वर एक धडाही पाठ करून घेतला. घाटावर कुणीही विचारलं, शिपाई असो नाहीतर सासू, तर भांडी जुनी हायत, आत्याची हायत, एवढंच बोलायचं. आपला धंदा त्या नाक्यावरनं चालतो. खोटा जबाब उघडा पडला तर माल जप्त होईल आणि परवाना जाईल. ती मान हलवत गेली. आठ दिवस तिनंच ती भांडी चुलीवर काळी केली, स्वतःच्या हातानं.

नाक्यावर माझी जीत झाली. कारकुनानं नखानं खरवडलं, नाव वाचलं, ओठ मुरडून म्हणाला, पुरावा. मी उतारा पुढं केला. त्यानं दोनदा वाचला. माझ्याकडून जबाब लिहून घेतला, मी सही केली. बांबू वर गेला. बहीण डोलीत होती, तिच्याकडं बघून मी हसलो. तिनं खाली बघितलं.

आता त्या घाटावरच्या गावाची रीत सांगायला हवी, कारण वकील म्हणवून घेणाऱ्या मला तेवढी एकच ठाऊक नव्हती. अक्षता पडल्यावर, जेवणं व्हायच्या आधी मुलीकडची भांडी मांडवाच्या मध्ये मांडतात आणि गावातला कुणीतरी शिकलेला माणूस त्यांवरची नावं मोठ्यानं वाचतो. कुणी काय दिलं ते सगळ्या भावकीला कळावं म्हणून. त्या दिवशी शाळेचे मास्तर वाचायला उठले. हंडा उचलला आणि नाव वाचलं. कळशी उचलली, तेच नाव. घंगाळ, परात, तांब्या. पाचही वेळा तेच. आवाज खणखणीत होता. दहा वर्षांपूर्वीचं सालही वाचून दाखवलं.

बायकांच्या बाजूनं कुजबूज सुरू झाली. आमच्या खोऱ्यातल्या दोन मुली त्या गावात दिलेल्या होत्या, त्यांनी आत्या कोण ते सांगितलं असणार. सासू उठून पुढं आली. थोराड, शांत बाई होती. ती आधी माझ्या बहिणीकडं वळली.

“पोरी, ही भांडी नवी का जुनी?”

बहिणीच्या मुंडावळ्या अजून सुटल्या नव्हत्या. तिनं धडा म्हटला. “जुनी हायत. आत्याची हायत.”

“ती विधवा व्हती?”

सासू माझ्याकडं आली. “पाव्हणं, तुमी सांगा. येकदा सांगा आन् इषय मिटवा. आमच्या पोराच्या लग्नात तुमी विधवा बाईची वापरलेली भांडी आणली?”

एक वाक्य पुरे होतं. नाही बाई, नवी कोरी आहेत, जकातीसाठी नाव घातलंय, ही पेठेची पावती. लोक हसले असते. त्या मांडवातल्या निम्म्या लोकांनी जकात चुकवलेली होती, त्यांनी मला पाठीवर थाप मारली असती. पण पाटलांनी पहिल्या बैठकीला, चांगल्या जाजमावर, नाक्याच्या कारकुनाला बसवलेला होता. मानाचा पाहुणा म्हणून. तो पान जुळवत माझ्याकडं बघत होता. माझा लेखी जबाब त्याच्या दप्तरात होता आणि माझा पुढच्या मोसमाचा परवाना त्याच्या हातात.

बहीण माझ्याकडं बघत होती. ती काय मागत होती ते मला स्वच्छ कळत होतं. कळलं नाही असं मी कधीच म्हणणार नाही.

“जुनीच हायत,” मी म्हणालो. “आत्याची.”

कारकुनानं पान तोंडात घातलं. सासू म्हणाली, “बरं,” आणि आत गेली. लग्न लागलेलं होतं. आम्हाला जेवायला वाढलं, पोळ्यांवर तूपही होतं. मी जेवलो.

दिवाळीला तिला माहेरी आणायला मूळ घेऊन गेलो. त्यांनी तिला पाठवलं नाही, पण मागच्या दारी भेटू दिलं. हंडा, कळशी, घंगाळ, परात गोठ्याच्या माळ्यावर पालथी पडली होती, जशी गेली तशीच. घरात त्यांचा स्पर्श नको म्हणून. फक्त तांब्या खाली ठेवला होता, बहिणीसाठी. घरातल्या पाण्याच्या भांड्याला तिनं हात लावायचा नाही, तिनं आपल्या तांब्यानं प्यायचं आणि तो गोठ्यात ठेवायचा. देवघरात जायचं नाही. हळदीकुंकवाला बायका आल्या की माजघरात यायचं नाही. कुणी मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. सासू तर आवाजही चढवत नसे. नवरा बोलायचा, पण आईपुढं नाही. म्हैस आटली तरी बायका तांब्याकडं बघायच्या.

ती रडली नाही. तिनं सगळा विचार करून ठेवला होता.

“दादा, आता तो कारकून हितं नाय ना बसलेला. तू मामंजींना येकटं गाठ. त्येंना सांग, नवी हायत. मामंजी आयकतील. ते तसे वायट नाय.”

“आन् त्यांनी नाक्यावर सांगितलं तर?”

“नाय सांगायचे. सुनेच्या भावाला कोण धरून देतंय?”

बरोबर होतं तिचं. पाटील ते करणारा माणूस नव्हता. पण शंभरातली एक शक्यता होती आणि माझा चाळीस मण तांदूळ पुढच्या आठवड्यात चढायचा होता. शिवाय दुसरी गोष्ट, जी लिहायला जड जाते. सहा महिन्यांपूर्वी मी सगळ्या गावापुढं सांगितलेलं आता फिरवायचं, म्हणजे मी लबाड ठरणार. वकिलाला ते नको होतं.

“नुसतं सांगून कोण मानतंय गो बाय,” मी म्हणालो. “पुरावा लागतो. पेठेची पावती असती तर गोष्ट येगळी. ती तवाच हरवली.”

बटवा माझ्या कमरेला होता. हे बोलताना माझा हात त्यावर होता.

तिनं विचार केला. “तांबटाकडं जाऊन दुसरी नाय मिळायची?”

“बघतो,” मी म्हणालो.

मी बघितलं नाही. पुढचे दोन मोसम तांदूळ वर गेला, गूळ खाली आला, दर खेपेला मी नाक्यावर कारकुनाला तंबाखू दिली. पाटलांच्या गावावरनं वाट जायची, मी गावात शिरायचो नाही. लांबून त्यांच्या गोठ्याचं छप्पर दिसायचं. त्या वर्षांत मी भावकीत बसून नाक्याची गोष्ट रंगवून सांगायचो. उतारा कसा काढला, कारकुनाचं तोंड कसं झालं. मांडवातला भाग सोडून द्यायचो. लोक हसायचे आणि मी दुसऱ्यांदा सांगायचो.

तिसऱ्या वर्षी निरोप आला. मूल झालं नव्हतं. सासूनं मुलासाठी दुसरी बघितली होती आणि लग्न ठरलं होतं. तुमची मुलगी घेऊन जा, भांडीही घेऊन जा. निरोप्या आमच्या ओटीवर बसून चहा प्यायला आणि म्हणाला, बाईची चूक काही नाही हो, पण पायगुण.

एक बैल घेऊन गेलो. पाटील घरात नव्हते, किंवा होते आणि बाहेर आले नाहीत. सासूनं बहिणीला नवं लुगडं नेसवून उभी केली होती, ओटीही भरली होती. गड्यानं माळ्यावरनं भांडी काढून दिली. धुळीनं माखली होती, पण आतली कल्हई पांढरी स्वच्छ होती. त्या घरात एक पाण्याचा थेंब त्यात कधी पडला नव्हता. मी ती गोणपाटात बांधून बैलावर घातली. तांब्या बहिणीनं हातात धरला, सोडला नाही.

नाक्यावर कारकून बदलला होता. नवा, तरणा, चष्मेवाला. कायदाही एक कलम पुढं गेला होता. आत येताना जुन्या भांड्याला माफी होती, ती तशीच होती. पण बाहेर जाताना उलटं. जुनं तांबं मोड म्हणून खाली विकायला नेतात, संस्थानचं नुकसान होतं, म्हणून मोडीवर आता वजनावर जकात. खालच्या हद्दीत घेतलेला नवा माल परत जात असेल आणि खरेदीची पावती असेल, तर माफी. भिंतीवर कागद लावला होता. रांगेत उभा असतानाच मी तो वाचून काढला.

बहीण वाटेच्या कडेला दगडावर बसली होती. तीन वर्षं आमच्यात जे बोलायचं राहिलं होतं ते वाटेत मी बोलेन असं तिला वाटत असावं, असं मला चालताना वाटत होतं. मी बैलाशी बोलत चाललो होतो.

कारकुनानं गोणपाट सोडायला लावलं. “जुनी दिसतात. मोड आहे का?”

“नाय साहेब,” मी म्हणालो. “नवी हायत. कोरी. महाडच्या पेठेतली.”

“यावर तर जुनं साल आहे.”

“ते नुसतं घातलेलं. आत बघा की, कल्हई पण उतरली नाय.”

“पावती?”

खरं सांगतो, मी विचार केला नाही. विचार करायला वेळ मिळाला असता तर कदाचित वेगळं केलं असतं, असं म्हणायची सोय मी अनेक वर्षं करून बघितली आहे. हात बटव्यात गेला, घड्या चाळल्या आणि बरोबर तोच कागद बाहेर आला. तांबटाची सही, पाच भांडी, वजन, तारीख. कारकुनानं हंड्यात डोकावून बघितलं, कागद बघितला, परत केला. सव्वा रुपया वाचला होता. बांबू वर गेला.

मी कागदाची घडी घालून बटव्यात ठेवायला वळलो, तेव्हा बहीण उभी होती. अगदी जवळ. तिला वाचता येत नव्हतं, पण पेठेतल्या तांबटाच्या कागदावरचा तांबडा शिक्का तिला ओळखता येत होता. भांडी आणली त्या दिवशी मीच तो तिला दाखवला होता, कौतुकानं.

“पावती व्हती तुज्याकडं?” तिनं विचारलं.

आवाज चढला नव्हता. बैल कितीला घेतला असं विचारावं तसं विचारलं. आयुष्यभर ज्याच्या तोंडी खोटं तयार असायचं त्या मला त्या वेळी एकही सुचलं नाही.

“व्हती,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली, तांब्या काखेत धरला, पदर खोचला आणि बैलाच्या पुढं चालू लागली. घाट उतरेपर्यंत एकदाही मागं वळून बघितलं नाही. नंतर माझ्या घरात तिनं चौदा वर्षं काढली. माझी मुलं वाढवली, माझ्या भाकरी थापल्या, आजारात माझे पाय दाबले. गोठ्यात निजायची, घरात ये म्हटलं तरी आली नाही. पाणी त्याच तांब्यानं प्यायची. त्या चौदा वर्षांत तिनं मला दुसरा कुठलाही प्रश्न विचारला नाही.